१४. वेशीवरचा वाघोबा
दगडात किंवा लाकडी फळीवर कोरलेला, शेंदूर लावलेला वारली समाजाचा देव. वाघासोबत बहुधा चंद्र-सूर्यही कोरतात. मूर्तीची जागा ठरलेली असते: गावाची वेस, जंगलाची कड, पायवाट. शेत आणि रान जिथे भेटतात तिथेच या शिल्पाला अर्थ येतो. ठाण्याचा घोडबंदर रोड अशाच कडेने जातो: एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्या रानात आजही बिबट्याचा वावर आहे. वारल्यांच्या वाघोबात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोघेही येतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते आणि माणसांचे, गुरांचे रक्षण कर असे मागणे मागितले जाते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाघोबाच्या १५० ठाण्यांची नोंद आहे. रस्ते रुंदावताना, इमारती उभ्या राहताना अशी मूर्ती उचलून संग्रहालयात ठेवली, तर दगड तेवढा वाचतो. जपायला हवी ती मूर्ती, तिच्या भोवतीचे रान आणि तिला पुजणारा पाडा, तिन्ही एकत्र. – संपादक