तळटीप १२ : चिऱ्यातला परमाणू

१२. परमाणू : लेखकाने हा शब्द जुन्या वळणाने वापरला आहे. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला ‘अणू’, तर अणू जोडून बनलेल्या कणाला ‘रेणू’ म्हणतात. हिंदीत मात्र पहिला ‘परमाणु’ आणि दुसरा ‘अणु’, त्यामुळे गल्लत होते.

कसाल परिसरातल्या ज्या जांभ्या चिऱ्याबद्दल लेखक बोलतात, त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. लोहाच्या अणुकेंद्रकात २६ प्रोटॉन आणि बहुतेक वेळा ३० न्यूट्रॉन असतात. बाहेर २६ इलेक्ट्रॉन, म्हणून धन-ऋण विद्युतभार फिटतो. एक प्रोटॉन कमी असता, तर ते लोह नव्हे, मँगनीज ठरले असते.

अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते, हे रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडले. लोहाचे केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे धरले, तर अणूचा घेर अंगण ओलांडून पन्नासेक मीटर रुंद होईल. तरीही चिरा हाताला टणक लागतो, कारण त्याचे आणि आपल्या हाताचे इलेक्ट्रॉन एकमेकांना आत शिरू देत नाहीत. ‘दगड आतून पोकळ’ या लेखकाच्या वाक्याचा अर्थ एवढाच. – संपा.