सोळा घरांचे यंत्र आणि दहा राग

एखाद्या वाद्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो कोणाच्या बाजूने लिहावा? घडवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या की वाजवणाऱ्याच्या? जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस बाजारात आणलेल्या 'टीबी-३०३' या चंदेरी रंगाच्या लहानशा यंत्राकडे पाहिले, की या तीन बाजू एकमेकींशी किती फटकून असू शकतात ते ध्यानात येते. या यंत्राची कथा शिकागोमध्ये घडली तशी, आणि तिच्याही आधी, मुंबईतही घडली. म्हणूनच तिच्याविषयी मराठीत चार शब्द लिहावेसे आम्हांला वाटले.

तादाओ किकुमोतो यांनी रचलेल्या या यंत्राचा हेतू अगदी साधा होता. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच. साथीचे स्वर आधी यंत्रात भरून ठेवायचे आणि मग ते पुनःपुन्हा वाजू द्यायचे. या भरून ठेवण्याच्या सोयीलाच सिक्वेन्सर म्हणतात. त्यात सोळा घरांचे एक आवर्तन असते. पण ते भरण्याची रीत विलक्षण आडवळणाची आहे. आधी केवळ स्वर एकापाठोपाठ एक नोंदवायचे; त्यांची लय तेव्हा सांगायची नाही. मग दुसऱ्या खेपेस त्याच सोळा घरांत कोठे स्वर उमटावा, कोठे आधीचाच लांबावा आणि कोठे विराम असावा, हे सांगायचे. या दोन याद्यांचा मेळ चुकला की मनात योजलेली चाल बाहेर न पडता भलतीच पडते. पुष्कळ वाजवणाऱ्यांना ही भलतीच चाल अधिक आवडली, असे दिसते.

स्वर भरले तरी नाद घडवायचा उरतोच. मूळ ध्वनी कच्चा, उपस्वरांनी गजबजलेला असतो. त्यातले वरचे उपस्वर फिल्टर छाटून टाकतो. छाटणी कोठून सुरू व्हावी हे 'कटऑफ'चा नॉब ठरवतो, तर त्या सीमेलगतचे उपस्वर किती उठावदार व्हावेत हे 'रेझोनन्स'चा. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला, की तोच षड्ज एकाएकी खुलतो, हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. मिरजेचे कारागीर ज्या जवारीसाठी तासन् तास खपतात, तिच्या जातीचेच हे काम आहे. भेद इतकाच, की जवारी एकदा लावली की मैफलीत ती स्थिर राहावी अशी अपेक्षा असते. फिल्टर मात्र वाजता वाजता फिरवता येतो. याशिवाय 'अ‍ॅक्सेंट'ने एखाद्या घरावर आघात देता येतो आणि 'स्लाइड'ने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते.

मूळ हेतूच्या दृष्टीने यंत्र सपशेल फसले. बेस गिटारचे त्याने केलेले सोंग कोणाला पटले नाही. १९८४मध्ये उत्पादन थांबले आणि उरलेली यंत्रे स्वस्तात जुन्या बाजारात गेली. तेथून एक यंत्र शिकागोतल्या 'फ्यूचर' या तरुणांच्या चमूकडे आले. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे हे ते तिघे. त्यांनी एकच आवर्तन चालू ठेवले आणि नॉब फिरवत राहिले. चिखलात रुतलेला पाय उपसावा तसा तो नाद कधी ओला, कधी कर्कश होत गेला. रॉन हार्डी याने 'म्युझिक बॉक्स' या क्लबात ही फीत प्रथम लावली तेव्हा नाचणारे दूर झाले. त्याच रात्री ती चौथ्यांदा वाजली तेव्हा त्यांना आवरणे कठीण झाले, असे सांगतात. १९८७मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने ती तबकडी निघाली आणि 'अ‍ॅसिड हाऊस' हा प्रकार जगाला ठाऊक झाला.

याच्या पाच वर्षे आधी, १९८२मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी हेच यंत्र हाताळले होते. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा हा साथीदार. टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एवढ्या सामग्रीवर त्यांनी भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली, ती चालली नाही. २००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१०मध्ये पुन्हा प्रकाशित झाली. नाद इतका अर्वाचीन वाटला, की ही कोणाची तरी लबाडी असावी असा संशयही व्यक्त झाला. उतारवयात सिंग यांचे युरोपात कार्यक्रम झाले. २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे यावर उमटलेली प्रतिक्रिया ठरलेली होती : 'म्हणजे अ‍ॅसिड हाऊस मुळात आपलेच!' आमच्याही मनात तो अभिमान क्षणभर डोकावला, हे कबूल केले पाहिजे. पण शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही. प्रभाव आणि समांतरता यांतला भेद वाङ्मयाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. तो येथेच विसरावा काय?

दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर हा भेद कानांनाच कळतो. शिकागोत स्वर जागच्या जागी खिळलेले आहेत आणि नाद बदलतो आहे. मुंबईत ३०३ची आवर्तने खाली फिरत राहतात आणि त्यांच्यावर हातांनी वाजवलेला राग उलगडत जातो. भर आहे तो स्वरांच्या वाटेवर. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य, हे यंत्राला ठाऊक नसते. ते भरणाऱ्या बोटांना ठाऊक असावे लागते. आणि स्लाइडमुळे दोन स्वरांमधली वाट ऐकू येते, जी रागसंगीताच्या कानाला हवी असते. मींड निघत नाही या आक्षेपावरही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. बारा स्वरांच्या समान विभागणीचा हार्मोनियमवरचा दुसरा आक्षेप मात्र या यंत्रालाही लागू पडतोच. स्लाइड म्हणजे मींड नव्हे, हेही खरे. तरीही एका साथीदाराने त्या यंत्रात आपल्या कामाचे काय आहे ते ओळखले, हे त्याहून महत्त्वाचे.

'पहिला कोण?' या प्रश्नाचे उत्तर तारखा पाहून देता येते, आणि म्हणूनच तो प्रश्न थिटा आहे. शिकागोत ती फीत एका रात्रीत चार वेळा वाजली. चौथ्या खेपेपर्यंत थांबणारे श्रोते तिला मिळाले. मुंबईतल्या तबकडीला तशी दुसरी खेप मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली, आणि तीही परक्या कानांमुळे मिळाली. राग शिकलेल्यांनी ती डिस्को म्हणून बाजूला ठेवली असेल, डिस्कोवाल्यांनी राग म्हणून. यंत्राच्या अपयशाविषयी आपण पुष्कळ बोलतो. या प्रकरणात यंत्राने आपले काम केले होते, वाजवणाऱ्यानेही. राहिले होते ते आपले ऐकणे.