हिंगातलं पीठ

सीलिॲकचं, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी एक छापील कागद हातात ठेवला. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटं, बिअर. हिंगाचं नाव त्यात नव्हतं. तो छापणाऱ्याला ते सुचलं नसेल, मला मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच आठवलं, कारण मी वाण्याचा मुलगा. साताऱ्याला आमचं किराण्याचं दुकान होतं. हिंगाचा डबा आणि चहाची पेटी दुकानाच्या दोन टोकांना ठेवायची, हा आमच्याकडचा पहिला धडा. दुसरा धडा हा, की हिंग म्हणून जे विकतो त्यात हिंग थोडा आणि पीठ फार.

यात लबाडी नव्हती. वडील विचारूनच माल देत. "हिरा देऊ की बांधणीचा?" हिरा म्हणजे खालिस डिंक, चिकट, ओलसर, महाग. मोहरीएवढा तुकडा आमटीला पुरे, थोडा जास्त पडला की आमटी कडू. शिवाय पीठ नसल्यामुळे हिऱ्याचे तुकडे एकमेकांना चिकटून गोळा होतो, मोजून देणं अवघड. म्हणून कच्चा हिंग भिजवून, मैदा किंवा तांदळाची पिठी आणि बाभळीच्या जातीचा डिंक घालून मळायचा, वाळवायचा, त्याचे खडे पाडायचे किंवा पूड करायची. हा बांधणीचा हिंग. मुंबईत आणि उत्तर प्रदेशातल्या हाथरसला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. गरिबाला परवडावा आणि सुनेच्या हातून आमटी बिघडू नये, अशी दोन्ही कामं त्या पिठाने केली. गिऱ्हाइकाला शंका आली तर वडील खड्याचा कण काडीच्या ज्योतीवर धरून दाखवत. खालिस असेल तर कापरासारखा पेटतो.

आमची आजी एकादशीला फोडणीत हिंग घालू देत नसे. "त्यात पीठ असतं," एवढंच तिचं उत्तर. हिंग उपासाला का चालत नाही याची इतर कारणं शास्त्री सांगतील. तिचं कारण दुकानातून आलेलं होतं. उपासाचं दळण न्यायचं तर ती गिरणीवाल्याला आधी विचारी, "आत्ता कुणाचं काय दळून झालं?" गहू झाला असेल तर शिंगाड्याचा डबा परत घरी. अशी चौकशी करणाऱ्या बायका तेव्हा प्रत्येक आळीत होत्या, आणि वेष्टनावरची यादी वाचल्याशिवाय बरणी न उचलणारा मी त्यांचाच वारस आहे असं मला वाटतं.

हिंग आपला नाहीच. तो इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियातल्या कोरड्या डोंगरांवरच्या झाडाच्या मुळाचा चीक. पण खाणारे आपण. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात हिंगावर एक प्रकरण आहे. साऱ्या हिंदुस्थानात औषधाला आणि जेवणात याच्याइतकं सर्रास दुसरं काही वापरत नाहीत, असं तो नोंदवतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. विजयनगरात एका पोर्तुगिजाकडे भारी किमतीचा घोडा होता, पण त्याला वाताचा असा त्रास की राजा तो घेईना. मालकाने घोड्याला हिंग चारला, घोडा बरा झाला, राजाने विकत घेतला. हिंग कसा चारला? पिठात मिसळून. साडेचारशे वर्षांपूर्वीही नुसता हिंग कुणी घोड्यालासुद्धा देत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत विल्यम डायमॉक या सरकारी औषधतज्ज्ञाने बाजारातल्या मालाची बारकाईने नोंद केली. कंदाहारी हिंग वेगळा, इराणच्या बुशहर बंदरातून येणारा अबूशहरी वेगळा, आणि हलका तो हिंगडा. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, मुंबईत लालजी गोधू यांची पेढी सुरू झाली आणि पुढे हिंगाची डबी घरोघरी गेली. डबी आली ती सोयीची होती, वास कोंडून ठेवणारी. पण डबी आली आणि "हिरा की बांधणीचा?" हा प्रश्न विचारणारं माणूस मधून गेलं. पीठ पूर्वीही होतं, तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते लपलं डबीत शिरल्यावर.

मग कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. त्याखालच्या नियमांत हिंगाची दोन मापं होती आणि आजच्या मानकांतही ती तशीच आहेत. हिंग मद्यार्कात घातला की त्यातली राळ विरघळते, पीठ विरघळत नाही. शुद्ध हिंगाचा किमान १२ टक्के भाग विरघळला पाहिजे आणि त्यात पिष्टमय पदार्थ १ टक्क्याहून जास्त नको. बांधणीच्या हिंगाला मात्र ५ टक्के पुरतात. बाकी डिंक, खाण्याजोगा स्टार्च किंवा खाण्याजोगं धान्याचं पीठ, सगळं कायदेशीर. कुठल्या धान्याचं? कायद्याला त्यात रस नव्हता. भेसळ पकडणं हे त्याचं काम. राळ पुरेशी निघाली की निरीक्षक पुढच्या दुकानाकडे वळला.

आणि दैव पाहा, नेमक्या त्याच काळात गव्हाचा गुन्हा सिद्ध झाला होता. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके सीलिॲकने पोट फुगलेल्या, हातपाय काड्या झालेल्या मुलांवर उपचार करत होते. गहू काढला की मूल सुधारतं असा त्यांचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मेली, पण ही आजारी मुलं बरी होऊ लागली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. त्यांचा प्रबंध १९५०चा, आपला कायदा १९५४चा. दोघांची गाठ पडायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. त्यात कायदा करणाऱ्यांचा दोष मी मानत नाही. हा आजार आपल्याकडे बराच काळ गोऱ्यांचा समजला जाई, आणि त्या वेळच्या दुकानदारीत मिरचीत विटेची भुकटी नाही ना, हाच प्रश्न मोठा होता.

भेसळ शोधण्याच्या त्या नादात एकदा कायद्याने स्वतःच एक जिन्नस आत घातला होता. डालडा १९३७ साली बाजारात आला. वनस्पती तूप खऱ्या तुपात मिसळलं जाऊ लागलं, आणि ते ओळखू यावं म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. प्रयोगशाळेत तिळाच्या तेलाला लाल रंग येतो, की चोर सापडला. हुशारीची युक्ती. तीळ सोसत नाहीत असा माणूसही कधीतरी तूप खाईल, हे त्या हुशारीच्या हिशेबात नव्हतं.

आत काय आहे हे वेष्टनावर लिहायची आपल्याकडची पहिली मोठी लढाई आजाऱ्यांनी लढली नाही, शाकाहाऱ्यांनी लढली. हिरवा ठिपका २००१चा, तपकिरी त्याच्या जरा आधीचा. (बऱ्याच रंगांध माणसांना दोन्ही सारखेच दिसतात. तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण करायला २०२० उजाडलं.) पुढे २००६चा अन्नसुरक्षा कायदा आला, २०११ चे वेष्टनाचे नियम आले, त्यांतही घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे होते. आता सगळं कळणार असं वाटलं. पण त्या नियमांना दोन चोरकप्पे होते. मसाल्यांची नावं एकेक न देता नुसतं 'मसाले' म्हणता येई. आणि अनेक जिन्नसांचा मिळून बनलेला एखादा घटक एकूण मालाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटात काय आहे ते सांगायची गरज नव्हती. लोणच्यातला हिंग, मेतकुटातला हिंग, पोह्यांच्या चिवड्यातला हिंग, सगळे त्या कप्प्यांत आरामात बसत. चिवड्यात पोहे, दाणे, डाळं, खोबरं. गव्हाला तिथे हिंग लावून कुणी विचारलं नसतं. तरी तो आत होताच.

२०२०च्या नियमांनी गव्हासारखी ग्लूटेनवाली धान्यं ठळक सांगायला लावली, आणि 'ग्लूटेन फ्री' म्हणवण्याची मर्यादा आपल्याकडे किलोला २० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे हिंगाच्या डबीवर आता गव्हाचं नाव सापडतं. काही उत्पादक तांदळाच्या पिठीत बांधलेला हिंग मुद्दाम विकू लागले आहेत. तो मी घेतो. सुट्या हिंगाला, सुट्या चिवड्याला, हलवायाच्या फरसाणाला वेष्टनच नाही, तिथे आजीचीच पद्धत. काउंटरवरच्या पोराला मी विचारतो, हिंग कुठला? बहुतेक वेळा तो मालकाकडे बघतो. मालक म्हातारा असेल तर उत्तर मिळतं, तरुण असेल तर "एकदम प्युअर, काका." मी विचारतो गव्हाचं आणि तो सांगतो शुद्धतेचं.

ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये पालमपूरच्या एका संशोधन संस्थेने हिंगाची पहिली रोपं लावली. त्याआधी देशात हिंगाची लागवड होत नव्हती, वर्षाला बाराशे टनांच्या आसपास कच्चा माल बाहेरून यायचा. पाचेक वर्षांनी मूळ चिकाला येतं म्हणतात. देशी हिंग ताटात आला की त्याचं कौतुक होईल, व्हावंही. पण तोही कुठल्यातरी कारखान्यात बांधला जाणार, आणि मैद्यात की तांदळात, हे मला डबी उलटी करून वाचावंच लागेल.