बाजारहाटाची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर : जुन्या हॉट हॅचची गोष्ट

१ ऑगस्ट १९७६. पश्चिम जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या जंगलातून जाणाऱ्या ट्रॅकवर निकी लाउडाची फेरारी कठड्यावर आदळली आणि पेटली. लाउडा वाचला, सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीतही उतरला. मात्र वीस किलोमीटरहून लांब असलेल्या त्या नॉर्डश्लाइफवर फॉर्म्युला वन पुन्हा कधी परतले नाही.

त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, जर्मन शोरूममध्ये एक चौकोनी, लहानशी गाडी विक्रीला आली होती. जाळीभोवती लाल रेघ, आत चौकड्यांच्या कापडाच्या सीटा, किंमत १३,८५० मार्क. तिचे नाव फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. फॉर्म्युला वनने सोडलेल्या ट्रॅकवर पुढची पन्नास वर्षे ज्या गाड्या घुमत राहिल्या, त्यांची ही आद्य पिढी.

हा धागा अशा जुन्या ‘हॉट हॅच’ गाड्यांविषयी आणि त्यांना ट्रॅकसाठी तयार करण्याच्या उद्योगाविषयी आहे. गाड्यांच्या हौशीचा हा विषय इतिहासाच्या धाग्यात कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर साधे आहे. जुनी गाडी ट्रॅकवर नेली की ती नेमकी कुठे हार मानते ते दिसते, आणि ती जिथे हार मानते तिथे तिच्या काळातील कुणाचा तरी निर्णय दडलेला असतो.

प्रथम शब्दांचा खुलासा. मागचे दार काचेसकट वर उघडणारी छोटी कौटुंबिक गाडी म्हणजे हॅचबॅक. तिच्यात मोठ्या गाडीचे इंजिन बसवले, सस्पेन्शन कडक केले की झाली हॉट हॅच. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरून, हेल्मेट घालून, स्वतःची गाडी बंद ट्रॅकवर वेगाने चालवण्याचा तो दिवस. बक्षीस नाही, क्रमांक नाही. ब्रिटनमध्ये तर फेरीची वेळ मोजण्यासही सहसा मनाई असते. वेळ मोजली की विम्याच्या दृष्टीने ती शर्यत ठरते.

आता १९७३ मध्ये जाऊ. अरब देशांनी तेल रोखले. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात पश्चिम जर्मनीत चार रविवार खासगी वाहनांना रस्ता बंद होता. ऑटोबानवरही काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली. बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी आणलेली २००२ टर्बो ही वेगवान गाडी टीकेची धनी झाली. १९७४ मध्ये फोक्सवॅगनचा तोटा ८० कोटी मार्कांच्या पुढे गेला. बीटलची सद्दी संपत आली होती आणि नव्या गोल्फवर कंपनीचे सारे भवितव्य टांगलेले होते.

अशा वातावरणात वेगवान गोल्फची कल्पना मांडणे जवळपास अशिष्टच होते. तरी चाचणी अभियंता आल्फोन्स लोव्हेनबर्ग यांनी १९७३ मध्ये काही सहकाऱ्यांपुढे ती मांडली. सातआठ जणांच्या या गटाने अधिकृत मंजुरीविना, कामाच्या वेळेबाहेर ही गाडी घडवायला घेतली. प्रसिद्धिप्रमुख आंटोन कोनराड हेही त्यांत सामील होते. सप्टेंबर १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा हिशेब होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

वेगवान छोटी गाडी ही कल्पना नवी नव्हती. ब्रिटनमध्ये जॉन कूपर यांनी १९६१ मध्येच मिनीला नवा पिंड दिला होता आणि त्या वंशातील मिनी कूपर एस १९६४, १९६५ व १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकून बसली. पण मिनीला हॅचचे दार नव्हते. गोल्फने जुळवले ते वेगळेच समीकरण: सोमवार ते शुक्रवार कचेरी, शनिवारी बाजारहाट, रविवारी डोंगरवाट. तीही एकाच कर्जावर.

आकडे पाहा. इंजिन १५८८ सीसी, शक्ती ११० अश्वशक्ती, वजन अवघे ८१० किलो. आजची गोल्फ जीटीआय चौदाशे किलोंच्या पुढे आहे. जुनी गाडी हलकी होती ती कोणत्याही शर्यतीच्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. एअरबॅग नव्हत्या, दारांत जाड पोलादी दांडे नव्हते, आवाज अडवणारे थर नव्हते, आणि स्वस्त गाडीत पत्रा जपूनच वापरावा लागे. ट्रॅकवर जे वरदान वाटते ते मुळात काटकसर आहे, आणि अपघातात तीच काटकसर चालकाच्या अंगावर येते. जुन्या गाड्यांचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे विसरले जाते.

अशी गाडी ट्रॅकला न्यायची, तर हौशी मालकाचा हात आधी इंजिनाकडे जातो. जाणता कारागीर मात्र ब्रेकपासून सुरुवात करतो. त्याचे कारण शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी १६० वरून ८० वर येताना गाडीची तीन चतुर्थांश ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. चालकासह ९०० किलोची गाडी धरली, तर त्या एका ब्रेकिंगमधील उष्णता दोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला पुरेल. रस्त्यावर असे क्वचित घडते. ट्रॅकवर दर मिनिटाला दोनतीनदा घडते.

त्यात ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, ओलावा धरलेले मात्र १५५ अंशांनाच उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. इंजिनाच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा ताजे ऑइल आणि उष्णता सोसणारे ब्रेक पॅड हाच जुन्या गाडीवरचा सर्वांत शहाणा खर्च ठरतो तो यामुळे. त्याची छायाचित्रे कुणी टाकत नाही, हा भाग वेगळा.

याच ब्रेकमध्ये इतिहासाचा एक मासलेवाईक तुकडा आहे. गोल्फची आखणी डाव्या स्टिअरिंगसाठी झाली. ब्रिटनसाठी १९७९ पासून उजव्या स्टिअरिंगची जीटीआय अधिकृतपणे विकली जाऊ लागली, तेव्हा पेडल उजवीकडे आले; पण ब्रेकचा सर्व्हो आणि मास्टर सिलिंडर डावीकडेच राहिले. दोहोंना जोडायला इंजिनामागच्या पत्र्याजवळून आडवी दांडी टाकली गेली. पायाचा जोर दांडीच्या लवण्यात आणि पत्र्याच्या वाकण्यात थोडा थोडा हरवतो. ब्रिटिश मालक चाळीस वर्षे ‘स्पंजासारख्या’ पेडलची तक्रार करत आले आहेत आणि ट्रॅकची तयारी करताना त्या दांडीचे आधार मजबूत करणे हे तिथले ठरलेले काम आहे. उजव्या स्टिअरिंगच्या देशात राहणाऱ्या भारतीय वाचकाला यातील दुय्यमपणा चटकन कळावा.

ब्रेकनंतर येते वळण. फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय १९८४ ची, आधी १.६ लिटर, पुढे १९८६ पासून १.९ लिटर आणि १३० अश्वशक्ती. तिच्या नावाशी नाते सांगणारी, पण आतून संपूर्ण निराळी अशी २०५ टी१६ त्या काळी रॅलीच्या ग्रुप बी वर्गात धावत होती आणि तिने १९८५ व १९८६ चे जागतिक उत्पादक विजेतेपद मिळवले. मे १९८६ मध्ये कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो लान्सियात जळून मृत्युमुखी पडले आणि वर्षअखेरीस तो वर्गच गुंडाळला गेला. पण त्या रॅलीचे तेज शोरूममधील छोट्या २०५ वर पडायचे ते पडलेच.

हिची ख्याती एका खोडीमुळे. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचे ढुंगण बाहेर फिरते. कसलेल्या चालकाला हेच हवे असते. नवख्याला ते थेट कठड्यात नेते. त्यात तिच्या मागच्या चाकांचे बाहू ज्या बारीक बेअरिंगवर फिरतात, त्यांत वर्षानुवर्षे पाणी शिरते, गंज चढतो आणि चाके वरून आत कलू लागतात. चालकाला वाटते गाडीचा स्वभावच तसा. प्रत्यक्षात ती झिजलेली असते. म्हणून २०५ चा मागचा सांगाडा खोलून नवे बेअरिंग घातल्याशिवाय तिच्या ‘मूळ’ स्वभावाविषयी बोलण्यात अर्थ नाही. रबरी बुशांचेही तेच. चाळीस वर्षांचे रबर पुरावा म्हणून विश्वासार्ह नसते.

इथे ट्रॅकचाही इतिहास आडवा येतो. ब्रिटनमधील बरेच ट्रॅक हे दुसऱ्या महायुद्धातील विमानतळ आहेत. सिल्व्हरस्टोनवर वेलिंग्टन बाँबफेकी विमानांचे प्रशिक्षण चाले. स्नेटर्टनहून अमेरिकन बी-१७ उडत. गुडवुड हे रॉयल एअर फोर्सचे वेस्टहॅम्पनेट. युद्ध संपले, धावपट्ट्या ओस पडल्या आणि त्यांच्या कडेने फिरणारा रस्ता १९४८ पासून एकेक करून शर्यतीचा ट्रॅक झाला. मद्रासजवळचे शोलावरम हेही युद्धकाळातील विमानतळच. भारतीय मोटारशर्यतीची एक मोठी परंपरा तिथेच वाढली.

विमानतळाच्या कडेचा रस्ता सपाट असतो आणि त्याची वळणे लांब, वेगवान असतात. अशा वळणात गाडी काही सेकंद सतत एका बाजूला दाबलेली राहते. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधील ऑइल तेवढा वेळ एका कडेला सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंग कोरडी फिरतात. गाडीचे रेखाटन झाले तेव्हाच्या १७५ मिलिमीटर रुंद टायरांवर हे सहसा होत नसे, कारण टायर त्याआधीच घसरे. आजचे चिकट टायर घसरत नाहीत. म्हणजे सुधारणा टायरमध्ये केली आणि इंजिन गेले, असा प्रकार होतो. त्यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे बसवून ऑइल जागच्या जागी रोखणे. जुन्या यंत्रात एक भाग नव्या काळात आणला, की शेजारचा भाग आपल्या काळाचे दुखणे सांगू लागतो. तयारीचा अर्धा खर्च या साखळीतच जातो.

इंधनाचेही काहीसे तसेच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले. जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, तडकतात, तापलेल्या इंजिनावर गळतात. ट्रॅकवर जाणाऱ्या जुन्या गाडीत नळ्या बदलणे आणि हाताशी अग्निशामक ठेवणे याला पर्याय नाही. आपल्याकडे वीस टक्क्यांच्या पेट्रोलवरून जी चर्चा झाली, तिच्याशी हा प्रश्न थेट जुळतो.

मग या गाड्या ट्रॅकवर आल्या कशा? ब्रिटनमध्ये नव्वदीच्या सुरुवातीस हॉट हॅच चोरांची लाडकी झाली. चोरलेली गाडी भरधाव पळवणे, दुकानाच्या काचेत घुसवणे हे प्रकार वाढले. विमा कंपन्यांनी हप्ते इतके चढवले की तरुणांना गाडी परवडे, विमा परवडेना. बाजार बसला. पुढची काही वर्षे वापरलेली २०५ किंवा गोल्फ कवडीमोल मिळे. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी: ट्रॅकसाठी याहून चांगला उमेदवार कोणता? मालकांनी गालिचे उपटले, मागची सीट फेकली, छतापर्यंत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला.

तेव्हा यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. आता मूळ रूपातील गाड्या दुर्मीळ झाल्या आहेत, किमती वाढल्या आहेत आणि प्रत्येक कापलेल्या गाडीबरोबर एक साधन नष्ट होते आहे. गुनहिल्ड लिलयेक्विस्ट यांनी योजलेले ते चौकड्यांचे कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ट्रॅकवर शून्य कामाची. सत्तरच्या दशकातील जर्मन अभिरुची समजून घ्यायची तर अमूल्य. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. गॅरेजमध्ये चादरीखाली झाकलेली हॉट हॅच आपल्याविषयी फार थोडे सांगते. ती वळणात मागचे आतले चाक हवेत उचलते, हे संग्रहालयात कळत नाही.

जर्मनीत या वादात सरकारही आहे. न्युर्बुर्गरिंग १९२७ पासून सामान्य वाहनचालकांना टोल देऊन खुले आहे आणि अशा वेळी तिथे रस्त्याचे कायदे लागू असतात. मोठा बदल केलेली गाडी तपासणी होऊन मान्य झालेली हवी. शिवाय १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या वाहनाला ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळू शकते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, किंवा तिच्यातील बदल तिच्याच काळातले असावेत. १९८३ मध्ये होऊ शकला असता असा बदल इतिहासात जमा होतो; आजच्या काळातला बदल नाही.

म्हणून आता जाणते मालक वेल्डिंग टाळून बोल्टने बसणारा पिंजरा निवडतात, पत्र्याला नवी भोके पाडत नाहीत आणि काढलेल्या सीटा, स्प्रिंगा, सायलेन्सर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवून देतात.