९३,६३,५८४ : बगदादच्या एका नियमाची गोष्ट

९३,६३,५८४ हा आकडा एखाद्या जमाखर्चाच्या वहीतला वाटेल. पण त्याला एक जोडीदार आहे : ९४,३७,०५६. पहिल्या संख्येला नि:शेष भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान ३१ संख्यांची बेरीज केली की दुसरी संख्या मिळते. दुसरीच्या अशाच १५ विभाजकांची बेरीज केली की पहिली परत येते. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात.

सर्वांत लहान जोडी २२० आणि २८४ ही ग्रीकांना ठाऊक होती. या आकड्यांचे ताईत करून प्रेम जडवता येते अशी समजूत पुढे पसरली. इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त तिची नोंद केली आहे. मात्र अशा जोड्या शोधायचा नियम नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा (८३६-९०१) याने दिला आणि युक्लिडच्या पद्धतीने सिद्धही केला.

नियम असा. ४ आणि त्याचा निम्मा २ घ्या. दोघांची तिप्पट करून एकेक वजा करा : ११ आणि ५. दोघांच्या गुणाकाराची नऊपट करून एक वजा करा : ७१. तिन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून ४×५×११ = २२० आणि ४×७१ = २८४. ८ आणि ४ घेतले तर २८७ येते. त्याला ७ ने भाग जातो, जोडी जमत नाही. १६ आणि ८ घेतले की १७,२९६ आणि १८,४१६ मिळतात. १२८ आणि ६४ घेतले की आपली जोडी हाती येते.

१७,२९६ ची जोडी इराणचा कमालुद्दीन फारिसी आणि मराकेशचा इब्न अल-बन्ना यांना चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माहीत होती. युरोपात ती १६३६ साली फर्माच्या नावावर जमा झाली. ९३,६३,५८४ ची जोडी १६३८ साली देकार्तच्या नावावर लागली. पण इराणचा मुहम्मद बाकिर यझदी यानेही ती काढली होती. पाठ्यपुस्तकांत ही जुनी नावे क्वचितच येतात, याची खंत आपल्याला वाटते आणि ती रास्त आहे.

पण आपलीही एक चूक आहे. ‘मुस्लिम शास्त्रज्ञां’च्या याद्यांत आपण साबितचे नाव बेधडक घालतो. तो हर्रानचा साबी होता, मुसलमान नव्हता. बनू मूसा बंधूंनी त्याची विद्वत्ता हेरून त्याला बगदादला आणले, आणि तिथे आपला धर्म न सोडता तो खलिफाच्या दरबारापर्यंत पोहोचला. बगदादचे मोठेपण इथेच दिसते. साबितला मुसलमान ठरवले, तर त्याची ओळख आपणच पुसतो आणि त्याला जवळ करणाऱ्या बगदादचे श्रेयही घालवतो.