वेताळाच्या प्रश्नाला उत्तर कोणी द्यावयाचे?

चार वडीलधारी माणसे एकत्र बसली की हल्ली दोन विषयांवरची मते हटकून ऐकू येतात. दूरचित्रवाणीवरील मालिका पूर्वी चांगल्या होत्या, आता बिघडल्या, हे एक. आणि संगणकावरच्या खेळांनी मुलांचे डोके फिरले, हे दुसरे. ही दोन्ही मते अलीकडेच मी उज्जयिनीत एका वृद्ध आप्तांच्या घरी ऐकली. त्यांचा नातू आतल्या खोलीत एक खेळ खेळत होता. त्यात खेळणाऱ्याने एखाद्या योद्ध्याची वा मांत्रिकाची भूमिका घ्यावयाची आणि दूरदूरच्या अनोळखी गड्यांबरोबर मोहिमेवर निघावयाचे. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी विक्रम-वेताळाची मालिका होती. पाहून निदान काही शिकायला मिळे." आतून नातवाचे उत्तर आले, "आजोबा, तुम्ही नुसते पाहत होतात. काय करायचे ते मी ठरवतो."

मुलाचे बोलणे उद्धट वाटले, तरी ते सोडून देण्यासारखे नव्हते. आणि ते उज्जयिनीतच कानी पडावे याची मला मौज वाटली, कारण तो वेताळ याच नगरीचा समजला जातो.

विक्रमाचे नाव या गावाच्या अंगात मुरलेले आहे. 1957 साली येथे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्यालाही त्याच राजाचे नाव मिळाले. हरसिद्धीच्या देवळात विक्रमाने देवीला आपले मस्तक वाहिले अशी आख्यायिका भाविक आजही सांगतात. त्या देवळापुढच्या दोन उंच दीपमाळा मात्र मराठी अमदानीच्या खुणा आहेत. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरजवळच्या लष्करात नेले, तोवर उज्जयिनी ही शिंद्यांची राजधानी होती. इतिहासकाराला मात्र हा विक्रम सहजासहजी सापडत नाही. इसवी सनापूर्वी 57 पासून मोजल्या जाणाऱ्या संवताला जुन्या शिलालेखांत आधी 'कृत' आणि मग 'मालव' असे नाव आढळते. त्याच्याशी विक्रमाचे नाव जोडलेले दिसते ते नवव्या शतकापासून. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने विक्रमादित्य हे बिरुद धारण केले आणि पश्चिमेकडील शक क्षत्रपांचा पराभव केला. त्याची कीर्ती या कथानायकाला चिकटली असावी, असे अनेकांचे मत आहे.

वेताळाच्या गोष्टींचे मूळ पाहू गेल्यास आणखी एक गंमत दिसते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोविनोदार्थ 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याची नगरी आहे गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! पुढे लोकांनी राजाला विक्रमादित्य केले आणि गोष्ट क्षिप्रेकाठी नेली. पैठणकरांनी यावर कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

गोष्टीची मांडणी मात्र कोठेही गेले तरी तीच राहते. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी माकड ते फोडते आणि आतून रत्न निघते. या भिक्षूसाठी राजा रात्री स्मशानात जातो आणि शिंशपेच्या झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. ठाऊक असून उत्तर दिले नाहीस तर मस्तक फुटेल, अशी धमकी. आणि तोंड उघडले तर वेताळ पुन्हा झाडावर! म्हणजे खरे बोलणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून पायपीट करावयाची. एका गोष्टीत देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघेही आपापली मस्तके कापून टाकतात, आणि देवीचा वर मिळाल्यावर ती स्त्री गडबडीत मस्तके धडांवर उलटसुलट बसविते. आता तिचा नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे मस्तक तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. याच कोड्यावर थॉमस मान यांनी 1940 साली जर्मन कादंबरी लिहिली, आणि पुढे गिरीश कार्नाडांनी 'हयवदन' हे नाटक उभे केले. राजाचे उत्तर पुरेसे वाटले असते तर एवढा खटाटोप कशाला झाला असता?

पोथीत प्रश्नामागोमाग राजाचे उत्तर येते. मध्ये थांबतो तो गोष्ट सांगणारा. ओसरीवर गोष्ट सांगणारी आजी प्रश्न घालून कंदिलाची वात सारखी करू लागे, आणि तेवढ्या वेळात पोरांत दोन तट पडत. त्या घटकेपुरते प्रत्येक पोर राजा होऊन बसलेले असे. माझ्या मते या कथाचक्राचा प्राण त्या थांबण्यात आहे.

छापखाना आला आणि ही उसंत वाचकाच्या हाती गेली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' 1830 साली मराठीत आली. त्याआधी 1814 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून विक्रमाचीच 'सिंहासनबत्तिशी' मोडी लिपीत निघाली होती. 1952 पासून 'चांदोबा' मासिक मराठीत येऊ लागले. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा ज्या पिढ्यांनी त्यातल्या चित्रात पाहिला, त्यांना पान उलटण्यापूर्वी बोट अडवून विचार करता येत असे. सगळेच करीत असत असे मी म्हणत नाही.

पडद्याने ही उसंत हिरावली. 1945 साली पृथ्वीराज कपूर चित्रपटात विक्रमादित्य झाले. पण वेताळ घरोघर पोचला तो 1985 साली, रामानंद सागरांच्या 'विक्रम और बेताल' या मालिकेतून. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. मालिका साधी होती, तिच्यातले चमत्कार आज बाळबोध वाटतील. पण सज्जनांचा तो खवचट वेताळ विसरणे शक्य नाही. आप्तांचे तिच्यावरचे प्रेम मी समजू शकतो. तरीही वेताळाचा प्रश्न आणि विक्रमाचे उत्तर यांमध्ये तेथे काही क्षणच मिळत. उत्तर आयते येई आणि आपण मान डोलवीत असू.

आता खेळाकडे वळू. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात एक जण गोष्ट सांगतो, आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने 'मी असे करतो' म्हणून सांगतात. 1978 साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी अनेकांना संगणकावरून एकत्र खेळता येईल असा 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. सारा कारभार शब्दांचा होता. आणि ज्या 1985 साली आपल्याकडे वेताळ पडद्यावर आला, त्याच साली अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा'चा चौथा भाग निघाला. त्याच्या नावातच 'अवतार' हा संस्कृत शब्द होता. त्याच्या आरंभी एक भविष्य सांगणारी बाई खेळणाऱ्याला प्रश्न विचारते. न मोजलेल्या मोहरांची थैली तुझ्यावर विश्वासाने सोपविली आहे. वाटेत भिकारी भेटतो. थैली तशीच पोचवशील की त्याला एक मोहोर देशील? सत्य मोठे की दया? ठरलेले बरोबर उत्तर नाही. पण या उत्तरांवरून आपले पात्र कोणता पेशा घेऊन निघणार हे ठरते. वेताळाला हे ऐकून संतोष झाला असता. पुढे 1997 साली याच मालिकेतून हजारोंनी एकत्र खेळण्याचा 'अल्टिमा ऑनलाइन' निघाला.

म्हणजे आजीची ती उसंत खेळाने परत दिली, हे नातवाचे म्हणणे खरे. माळव्याच्या माचातही प्रयोगाला 'खेल'च म्हणतात, तेव्हा शब्दावरूनही नाक मुरडण्याचे कारण नाही. पण मुलाच्या बाजूनेही सगळे निकालात निघत नाही. विक्रमाला प्रत्येक उत्तराची किंमत पायांनी मोजावी लागे. एकट्याने खेळताना चूक झाली की मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते, मग उत्तराला वजन कोठले? गॅरियट यांना हे उमजले असावे. त्यांच्या खेळात दृष्टिहीन विक्रेत्याला कमी पैसे दिले तर त्या वेळी कोणी अडवीत नाही. हिशेब मात्र मुकाट्याने मांडला जातो आणि प्रामाणिकपणा घटतो. चार माणसांबरोबर खेळताना तर दगा देणाऱ्याला सोबती विसरत नाहीत. त्या मुलाने मला सांगितले, की लूट वाटताना एकाने फसविले, तेव्हापासून त्याला कोणी मोहिमेवर घेत नाही. आजोबांनी हे कान देऊन ऐकले.

मग मी दोघांनाही सोमदेवाचे चोविसावे कोडे घातले. बाप आणि मुलगा वनात दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे पाहतात आणि ठरवितात, मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळते की त्या मायलेकी आहेत, आणि मोठी पावले लेकीची. दिलेल्या शब्दाप्रमाणे बाप लेकीला वरतो, मुलगा आईला. त्यांना मुले झाली. त्या मुलांचे एकमेकांशी नाते कोणते? येथे राजालाही उत्तर सुचले नाही, तो गप्प राहिला, आणि म्हणूनच वेताळ त्याच्यावर प्रसन्न झाला.

नातू म्हणाला, मामा-भाचा. आजोबा म्हणाले, छे, काका-पुतण्या. आतून जेवणाची हाक आली; पण आजोबांनी कागद आणि पेन्सिल मागविली होती.