राजा-राणीचा संसार, सावत्र मूल आणि हरवलेले हसू

इंग्रजी कादंबऱ्यांच्या दुनियेत मध्ययुगीन प्रणयकथा हा एक भरघोस खपाचा प्रकार आहे. राजाच्या हुकुमावरून झालेले लग्न, एकमेकांची भाषाही धड न समजणारे नवरा-बायको, किल्ल्यातील हट्टी नोकरचाकर आणि बरेचदा पहिल्या बायकोची मुले, असा तिचा ठरलेला मसाला. अमेरिकी लेखिका ज्युली गारवुड (१९४४-२०२३) यांनी या प्रकारात विनोदाचा सूर रुजवला. त्यांच्या 'द ब्राइड' (१९८९) या कादंबरीत स्कॉटलंडमधील एका विधुर सरदाराला राजाज्ञेने इंग्रज मुलीशी लग्न करावे लागते आणि पुढचे सारे हसू या विजोड जोडप्याच्या संसारातून उमलते. पुण्यातील वाचनालयांतही अशा कादंबऱ्यांना हक्काचा वाचक आहे.

मराठीत मात्र हा प्रकार जवळजवळ नाही. किल्ले आहेत, राजे आहेत, सवती आहेत, सावत्र मुलेही आहेत. नाही ते हसू. असे का व्हावे, याचे उत्तर मराठी कादंबरीच्या आणि पुण्याच्या इतिहासात सापडते.

शब्दातच वैर

'सावत्र' या शब्दाचे मूळ संस्कृतमधील 'सपत्नी' म्हणजे सवत या शब्दात आहे. सवतींमधील वैर ते सापत्न. म्हणजे मूल जन्माला येण्यापूर्वीच आईचे भांडण त्याच्या नावाला चिकटते. राज्याला निधी कमी मिळाला, तरी वृत्तपत्रे 'सापत्न वागणूक' असाच मथळा देतात. इंग्रजीतील 'स्टेप' या उपसर्गाचा उगम वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध वियोगाशी होता आणि 'स्टेपचाइल्ड' म्हणजे आधी पोरके मूल. एका भाषेने या मुलाकडे पोरके म्हणून पाहिले, दुसरीने प्रतिस्पर्धी म्हणून.

यामागे समाजरचना आहे. मध्ययुगीन युरोपात विधवा पुन्हा लग्न करीत असे. तिच्याबरोबर जमीनही येई आणि मुलेही. त्यामुळे सावत्र आईइतकाच सावत्र बापही परिचयाचा होता. महाराष्ट्रातील उच्चवर्णीय कुटुंबांत विधुराला पुनर्विवाहाची पूर्ण मुभा आणि विधवेला बंदी, अशी स्थिती होती. १८५६च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, तरी प्रत्यक्षात असे विवाह बोटांवर मोजण्याइतकेच होत. परिणामी मराठी साहित्यात सावत्र बाप फारसा भेटत नाही. भेटते ती सावत्र आई, आणि अनेक घरांत ती सावत्र मुलांच्याच वयाची पोर असे.

'मंजुघोषे'ची तक्रार

मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चा (१८५७) उल्लेख होतो. विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय. पाठोपाठ आलेल्या कादंबऱ्यांनी मात्र वास्तवाकडे पाठ फिरवली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या काल्पनिक राज्यांत घडतात. कपटी कारस्थाने, ताटातूट, योगायोग आणि शेवटी मीलन, असा त्यांचा साचा. मराठीतील मध्ययुगीन वळणाच्या प्रणयकथेचा प्रारंभ शोधायचा, तर तो येथेच.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत याची कारणमीमांसा केली आहे. आपल्याकडील विवाहाची रीत आणि एकूण जीवनक्रम असा आहे, की जसे घडते तसे लिहिले तर त्यात मनोरंजक काही सापडणार नाही, असा त्यांचा आशय. तक्रार रास्त होती. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना वडीलधाऱ्यांनी पत्रिका जुळवून लग्न लावले, की प्रियाराधनाला जागाच उरत नसे. मग लेखकाने नायिकेला राजकन्या करायचे आणि कथा अशा राज्यात न्यायची, जेथे ती स्वतःचा वर स्वतः निवडू शकेल.

या कादंबऱ्यांचे वाचक नव्याने वाढत होते. पुण्यात आजच्या नगर वाचन मंदिराचा पाया १८४८मध्येच घातला गेला होता. प्रणयकथेची आवड होती, छापखाने होते, वाचनालये होती. मात्र लग्नानंतरच्या संसारातील गंमत लिहावी, हे या कादंबरीकारांना सुचले नाही. मीलन झाले की पुस्तक संपे. पहिल्या बायकोची मुले, त्यांचा रुसवा, नव्या आईची तारांबळ यांना प्रवेशच नव्हता.

कहाण्यांचे वेगळे वळण

कादंबरीने नाकारलेली ही जागा घरातील बायकांच्या कहाण्यांनी आधीच भरून काढली होती. श्रावणात सांगितल्या जाणाऱ्या या कहाण्यांचे आटपाट नगर हेही एक मध्ययुगीन राज्यच. तेथे आवडत्या-नावडत्या सुना आहेत, निपुत्रिक राण्या आहेत. जिवतीच्या शुक्रवारच्या कहाणीत राणी सुईणीकरवी गरीब ब्राह्मणीचे मूल पळवते आणि बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवला जातो. मूल राजपुत्र म्हणून वाढते. पुढे नकळत जन्मदात्रीच्याच घरी जाताना त्याचा पाय वासराच्या शेपटीवर पडतो, तेव्हा ते वासरू आपल्या आईजवळ तक्रार करते आणि त्या गायीच्या उत्तरातून राजपुत्राला सत्याची चाहूल लागते.

प्रसंग गंभीर आहे, पण वासराची कुरकुर ऐकताना लहान मुले हसतात. जन्म देणारी आई आणि वाढवणारी आई यांचा गुंता कहाणी अशी सहज सोडवते. ती कोणाला इतिहासपुरुष करीत नाही, म्हणूनच तिला हसणे परवडते.

इतिहास आला, हसू गेले

१८७१मध्ये रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तार'मधून प्रसिद्ध झाली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. पुढे पुण्यात हरि नारायण आपटे यांनी 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' अशा कादंबऱ्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. काल्पनिक राज्याची जागा खऱ्या राज्याने घेतली. पारतंत्र्याच्या काळात हा इतिहास अस्मितेचा आधार होता. त्याची थट्टा करण्याचा विचार कोणाला शिवणे शक्य नव्हते.

सावत्र नात्यांची या इतिहासात वाण नाही. शिवाजी महाराज आणि तंजावरचे व्यंकोजी हे सावत्र भाऊ. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना १६५९मध्ये सईबाईंचे निधन झाले. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले. १६८०मध्ये महाराजांच्या निधनानंतर सोयराबाईंनी आपले पुत्र राजाराम यांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न केला, हे सर्वज्ञात आहे. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक (१९६२) आणि शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी (१९७९) यांनी हा संघर्ष घराघरांत पोहोचवला. या प्रसंगातील एक तपशील मात्र 'सावत्र म्हणजे वैरी' या समजुतीत बसत नाही. सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरनौबत हंबीरराव मोहिते, सख्ख्या भाच्याच्या नव्हे, तर संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले.

शनिवारवाड्यातील सावत्र मुलगा

पुण्यापुरते बोलायचे, तर सर्वांत बोलके उदाहरण शनिवारवाड्यातील आहे. मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर आणि काशीबाईंचा मुलगा रघुनाथराव हे दोघे एकाच वर्षी, १७३४मध्ये जन्मले. समशेरची मुंज करण्यास ब्रह्मवृंदाने नकार दिला. १७४०मध्ये रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. सहा वर्षांचे हे पोरके मूल पेशव्यांच्या कुटुंबातच वाढले. काशीबाईंनी त्याचा सांभाळ केल्याचे सांगितले जाते. पुढे समशेर पेशव्यांच्या फौजेत सरदार झाला. १७६१मध्ये पानिपतावर तो सावत्र भावांच्या बाजूने लढला आणि त्या युद्धातील जखमांनीच त्याचा अंत झाला.

ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीने बाजीराव-मस्तानीची प्रीती अजरामर केली. २०१५चा हिंदी चित्रपटही तिच्यावरच आधारलेला. या साऱ्यांत केंद्रस्थानी राहिली ती प्रेमकथा. दोघे गेल्यानंतर सवतीचे मूल वाढवणारी बाई आणि सावत्र भावांसाठी लढणारा मुलगा, ही कथा कडेलाच राहिली. मस्तानीची आठवण शहराने दोन ठिकाणी जपली. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे आणि आइस्क्रीम घातलेल्या दुधाच्या पेल्यात तिचे नाव आहे. काशीबाईंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

हसायचे, तर रंगभूमीवर

लग्नावर मराठी माणूस हसला, तो मुख्यतः नाटकांत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'वीरतनय' (१८९६) आणि 'मूकनायक' या नाटकांत काल्पनिक राजेरजवाडे, प्रणय आणि कोटीबाज विनोद एकत्र आणले. इंग्रजीतील विनोदी मध्ययुगीन प्रणयकथेच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी लेखन हेच. राज्य काल्पनिक असल्यानेच हे जमले. गोविंद बल्लाळ देवलांनी 'शारदा'त (१८९९) जरठ-कुमारी विवाहाला विनोदाने झोडपले, तर 'संशयकल्लोळ'मध्ये निखळ हसवले. ही दोन्ही नाटके इतिहासापासून दूर राहिली.

खऱ्या इतिहासाकडे उपहासाने पाहणे किती महागात पडते, हे 'घाशीराम कोतवाल'ने दाखवले. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रथम सादर झाले. नाना फडणवीस आणि त्यांची लग्ने यांचे त्यातील चित्रण अनेकांना रुचले नाही, वाद पेटला आणि प्रयोगच थांबले. पुढे थिएटर अॅकॅडमीने ते पुन्हा उभे केले. नाटक जगभर गाजले, पण ऐतिहासिक पात्रांच्या संसारावर हसू नये, हा धडा अनेक लेखकांनी गिरवला असावा.

एक प्रसन्न अपवाद

सावत्र आईच्या तोंडून हसू ऐकायचे असेल, तर कादंबरीबाहेर जावे लागते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१मध्ये वारल्या. १८९३मध्ये कर्व्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. लग्नाबरोबर त्यांना अकरा वर्षांचा सावत्र मुलगा मिळाला. तो रघुनाथ, म्हणजे पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवणारे र. धों. कर्वे. सामाजिक बहिष्कार, गरिबी आणि संस्थेसाठी सतत झिजणारा नवरा, असा हा संसार. तरीही बायांच्या आत्मचरित्राचे नाव 'माझे पुराण' (१९४४) असे आहे. स्वतःच्या कष्टांना 'पुराण' म्हणणारी ही बाई मराठीतील 'सावत्र आई'च्या ठरीव चित्राला परस्पर छेद देते.

मराठीत नवरा-बायकोच्या दोघांच्याच घराला 'राजा-राणीचा संसार' म्हणतात. त्यात सासू नसते, दीर-नणंदा नसतात आणि पहिल्या लग्नाचे मूल तर नसतेच. आज शहरांतील अनेक घरांत दुसरे लग्न ही लपवण्याची गोष्ट राहिलेली नाही. दोन्हीकडची मुले एका छताखाली वाढतात आणि नव्या आईला काय हाक मारायची, या प्रश्नावर घरोघरी निराळी उत्तरे निघतात. या मुलांना वाचायला मिळते ती मात्र अजूनही दुष्ट सावत्र आई. आटपाट नगरात वासराच्या कुरकुरीलाही जागा होती. तेवढी जागा सावत्र मुलाला मिळाली, तर रिसबुडांची दीडशे वर्षांपूर्वीची तक्रार मिटेल आणि लग्नानंतरच्या कथेतही मराठी वाचकाला हसण्याजोगे काही सापडेल.